अबू नाइफचा चष्मा

वाऱ्यानं फुगलेली पांढरी चादर.

कानांत कापसाचे बोळे. त्यातूनही समुद्र ऐकू येतो.

अर्धा चावलेला खजूर. उरलेला गिळावा की थुंकावा?

नाकावर चष्म्याच्या दोन खुणा.

"हा कुणाला द्यायचा गं?" शेजारच्या उम्म झुहेरनं विचारलं. अबू नाइफना जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि ती लमीसला तिच्या आजोबांचे, जिद्दोंचे कपडे आवरायला मदत करत होती. "बघू, मला लागतो का. अगं बाई! यात नंबरच नाही. नुसती खिडकीची काच!"

लमीसनं घडी घातलेला कोट उगीचच पुन्हा उलगडला.

वीस वर्षं जिद्दोंनी तो चष्मा उतरवला नव्हता. तिची वेणी घालतानाही नाही. दिवस कलला की ते तिला घेऊन तटावर बसत. ऊन पातळ होत जाई, होड्या पाण्यावर नव्हे तर आभाळातच तरंगू लागत, आणि जिद्दो चष्म्याच्या वरून पाहत दूरच्या होडीचं नाव वाचून दाखवत.

चष्मा लागण्याआधी ते रमजानची तोफ उडवायचे. मिनारावर पांढरं निशाण चढलं की दोरी ओढायची. धडाका ऐकून गाव रोजा सोडायचं. एका संध्याकाळी तोफ चार मिनिटं आधी उडाली. घराघरांत घास तोंडात गेलेला, सूर्य अजून पाण्यावर. "डोळ्यांनी दगा दिला," जिद्दोंनी पंचांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले, तिसऱ्या दिवशी चष्मा आला.

"आंधळा तोफखाना म्हणायचो आम्ही त्याला," उम्म झुहेर हसली. "त्याच्यापायी तो रोजा मला ऐन उन्हाळ्यात भरून काढावा लागला, माहितीये? तोंडावर बोलले मी. तर म्हणतो कसा, 'उम्म झुहेर, तू आहेस का ती? दिसली नाहीस!'" मग हसू ओसरलं. "पण डोळे धड होते, तर चुकला कसा गं?"

'सांगायचं नाही,' जिद्दो म्हणाले होते. 'मी म्हातारा. माझी चेष्टा चार दिवस. तुला या गावात वाढायचंय.'

लमीस वाढली होती.

"दोरी मी ओढली, खाला."

उम्म झुहेरनं ओढणीच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी. चष्मा मिटून तिनं तो कुणालाच न देता कोटाच्या वरच्या खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी अबू नाइफ सहा वर्षांच्या नातीसाठी खजूर काढायला वळले होते, आणि उम्म झुहेरनं मिनाराशेजारच्या गच्चीवर पांढरी चादर वाळत घातली होती.