पाठीला डबा

खुरप्याची मूठ निसटली म्हणून कांद्याची खुरपणी अर्धी टाकून ती घरी आली. येऊन बघते तर दाराची कडी काढलेली, आत कुणी नाही. जाताना तिनं स्वतः बाहेरून कडी घातली होती. सहा वर्षांच्या पोरीला, ठकीला, कोंडून ती रोज शेतावर जायची आणि म्हातारा सासरा ओसरीवर राखणीला बसायचा. आज ओसरीही रिकामी होती आणि खुंटीवरचा दोर गायब होता.

ती तशीच अनवाणी विहिरीकडं पळत सुटली.

आता तुम्ही म्हणाल, पोरीला कुणी असं कोंडतं का? तर ऐका. ठकीच्या आधीचा, थोरला, जन्मापासून छातीचा अधू. तिनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. ऊन नको, चिखल नको, पाण्याचं तर नावच नको. वाडीतली सगळी पोरं पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकली. हा मात्र नऊ वर्षांचा झाला तरी काठावर बसून त्यांचे कपडे राखायचा. आणि ही स्वतः माहेरी पट्टीची पोहणारी, पोरांच्या बरोबरीनं सूर मारणारी. एक दिवस वाऱ्यानं कुणाचा तरी सदरा पाण्यात पडला. पोरं बांधापलीकडं बोरं वेचायला गेली होती. सदरा काढायला हा एकटाच वाकला. पोरं परत आली तेव्हा सदरा तेवढा तरंगत होता. ती त्या दिवशी त्याचंच औषध आणायला बाजारच्या गावी गेली होती.

त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ठकी घरात. पोरीला उन्हात डोळे उघडवेनात. गांडूळ दिसलं तरी साप म्हणून घर डोक्यावर घ्यायची. परवा तर तिनं विचारलं, “आजोबा, कांदा झाडाला कुठं लागतो?” शेतकऱ्याच्या पोटची पोर ही. म्हातारा आधी हसला, आणि मग ताटावरून तसाच उठला.

विहिरीच्या पायऱ्यांवर ठकी उभी होती. पाठीला डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक वर म्हाताऱ्याच्या मुठीत.

“मामंजी, तिला वर घ्या.”

“घेतो. आधी तिचे पाय तरी भिजू देत.”

“एक गिळला या विहिरीनं. तेवढ्यानं भागलं नाही का तुमचं?”

म्हाताऱ्यानं दोर सोडला नाही. “बोल. दोन वर्षं तू बोलली नाहीस, मी बोललो नाही, आणि तुझा नवरा तर मळ्याच्या या टोकाला फिरकत नाही. आज सगळं बोलून टाक.”

“तुम्हाला वाटतं, मीच मारला त्याला.”

म्हाताऱ्यानं दोराचा मुठीभोवती आणखी एक वेढा घेतला. “वाटायचं,” तो म्हणाला, “खोटं कशाला बोलू? पण घरातला कर्ता मी होतो. तू नको म्हणालीस आणि मी मान डोलावली. मलाही ते बरंच पडलं, सूनबाई. आजारी नातवाला पाण्यात उतरवायची छाती माझीही नव्हती. तेव्हा निम्मा वाटा माझा.”

ती काठावर बसली. इतके दिवस तिला वाटत होतं, असं कुणी म्हणालं तर आपण जिवंत राहणार नाही. पण तसं काही झालं नाही. नुसतं रडू आलं, पोटातून, आणि तिनं ते येऊ दिलं.

“आजोबा, पाण्यात काहीतरी हलतंय,” खालून ठकी म्हणाली.

“मासे आहेत.”

“चावतात?”

“गुदगुल्या करतात. पाय घालून बघ.”

ठकीनं अंगठा बुडवला आणि झटकन मागं घेतला. मग पुन्हा बुडवला.

“माझा खांदा आता वर जात नाही,” म्हातारा सुनेकडं न बघता म्हणाला. “दोर धरीन मी. पण पाण्यात कुणीतरी पाहिजे.”

तिनं पदरानं तोंड पुसलं, पदर कमरेला खोचला, लुगडं वर ओढून कासोटा घातला आणि एकेक पायरी उतरू लागली. पाणी गार होतं. लग्नानंतर ती पाण्यात उतरलीच नव्हती, तरी अंगाला सगळं ठाऊक होतं. तिनं डब्याची गाठ ओढून पाहिली, सैल वाटली, सोडून पुन्हा आवळली. मग पोरीला छातीशी धरून ती खोल पाण्यात गेली. ठकीनं तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

“आई, दादा इथंच होता?”

घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. पण पोरीनं मघाचं बोलणं ऐकलं होतं.

“इथंच.”

“मग तो वर का नाही आला?”

वर म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

“त्याला पोहता येत नव्हतं, बाई. मी शिकवलंच नव्हतं.” तिनं गळ्याभोवतीचे ते दोन्ही हात हळूहळू सोडवले. “आता पाय मार.”