झोपेसाठी प्रार्थना

सुट्टीतल्या पोरांनी गल्ली आधीच डोक्यावर घेतलेली असते. त्यात यंदा समोरच्या सायकलच्या बंद पडलेल्या दुकानात नवं चर्च आलं. चर्चला अजून वर्षही झालं नव्हतं, पण उत्साह असा दांडगा की विचारू नका. पोरांना घरी करमत नाही म्हणून रोज सकाळी खेळ, गाणी, ड्रम, गिटार, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला थंडगार लिंबूपाणी. सगळं फुकट आणि सगळं ड्रायव्हरकाकांच्या खिडकीखाली.

काका रात्रपाळीला अँब्युलन्स चालवत. सकाळी घरी येऊन दोन घास खायचे आणि आडवं व्हायचं, तर डोळा लागतो न लागतो तोच खाली ड्रम सुरू. खिडकी लावली तर खोलीची भट्टी व्हायची आणि उघडी ठेवली तर ते गिटार थेट उशीशी येऊन बसायचं.

"अहो, चांगली माणसं आहेत," बायको म्हणायची. "परवा माझी पिशवी वरपर्यंत आणून दिली."

"चांगली आहेत हीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं."

मागच्या आठवड्यात चालत्या गाडीत त्यांचा डोळा लागला. मागे ऑक्सिजनवर एक म्हातारी होती. शेजारी बसलेला मदतनीस "काका, समोर!" म्हणून किंचाळला आणि गाडी दुभाजकाला घासून थांबली. म्हातारी सुखरूप पोचली. पण साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. काकांनी सगळं खापर ड्रमवर फोडलं आणि तावातावाने खाली उतरले.

त्यांनी तोंड उघडायच्या आधीच चर्चच्या तरुण पास्टरने त्यांच्या हातात लिंबूपाण्याचा ग्लास दिला.

"बरं झालं आलात, काका! आम्ही घरोघर विचारतोय, तुमच्यासाठी काय प्रार्थना करू?"

"झोप," काका दात-ओठ खात म्हणाले. "मला दिवसा झोप पाहिजे."

"अरेच्चा! एवढंच ना?" पास्टरचा चेहरा खुलला. काकांना वाटलं, चला, पोरगा समजूतदार निघाला.

दुसऱ्या दिवशी खरंच गल्ली शांत होती. काका सुखावले. पापण्या जड झाल्या आणि दारावरची बेल वाजली. दारात पास्टर, गिटार आणि मागे जिन्यावर अर्धी मंडळी.

"काका, तुम्ही पडून राहा," पास्टर कुजबुजला. "आम्ही इथूनच तुमच्या झोपेसाठी गातो."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, देवाला कशाला सांगतोस? तुझ्या ड्रमवाल्याला सांग! रात्री माझ्या गाडीत माणसं असतात, मरणाच्या दारातली माणसं! मागच्या आठवड्यात डोळा लागला माझा. एक म्हातारी मेली असती, कळतंय का तुला?"

गिटारवाल्याने तारांवर हात ठेवला. पास्टरचा चेहरा पार उतरला.

"मी विचारलं नाही, काका," तो म्हणाला. "तुम्हाला झोप का लागत नाही, हेच विचारलं नाही. चुकलं आमचं."

सगळे पाय न वाजवता उतरले. थोड्या वेळाने काकांनी खिडकीतून पाहिलं. पास्टर पोरांना घेऊन मैदानाकडे निघाला होता आणि कोणी हसलं की ओठांवर बोट ठेवत होता. ड्रम आत गेला, शटर हळूच खाली आलं.

काका आडवे झाले. टाचणी पडली तरी ऐकू आली असती अशी शांतता. त्यांनी डोळे मिटले मात्र, कानात मदतनीस किंचाळला, "काका, समोर!" ते दचकून उठले. पाणी प्यायले, कूस बदलली, पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. उन्हं भिंतीवरून सरकत राहिली. वैतागून त्यांनी उशी भिरकावली, पण आता शिव्या घालायच्या तरी कोणाला?

दिवस कलला तशी ड्यूटीची वेळ जवळ आली. काकांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, आज मी गाडी चालवत नाही."

"का? पुन्हा तुमच्या त्या चर्चवाल्यांनी झोपू दिलं नाही वाटतं?"

"नाही साहेब," काका म्हणाले. "आज त्यांनी झोपू दिलं."