बाभळीकडचं पाणी

नवनाथांनी पेंडीचा गोळा तळहातावर दाबला, त्याला पाण्याचा हात लावला आणि वेदिकाच्या ओंजळीत ठेवला.

“लांब फेकू नकोस अजून. इथं काठाशी पाण्यात धर आणि काय होतं ते बघ.”

तिनं धरला. गोळा बोटांतून विरघळून गेला आणि तेवढं पाणी ढगाळ झालं. उभी नोकरी नवनाथांनी चौथीच्या वर्गावर काढली होती. मूल चुकलं की लगेच बोलायचं नाही, त्याला आपल्या चुकीकडे नीट बघू द्यायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. वेदिकानं हात झटकला, परातीतली पेंड पुन्हा घेतली, थोडी कणीक आणि भाजलेल्या मेथीची पूड मिसळली आणि दुसरा गोळा घट्ट वळला. तो अख्खा तळाशी जाऊन बसला आणि मग कडेकडेनं सुटू लागला.

“असा,” ते म्हणाले. “वरच फुटला तर बारकी मासळी फस्त करते. खालच्या मोठ्याला पत्ताच लागत नाही.”

“मग मोठ्यानं वर यायचं.”

“वय झाल्यावर कोण धावतं वर? मी येतो का तुझ्या गच्चीवर पतंग उडवायला?”

नाशिकहून ते सकाळी लवकर निघाले होते. गंगापूर रोडवरच्या घरातून निघताना सुनेनं डबा दिला होता आणि पोरीला पाण्याच्या फार जवळ नेऊ नका असं दोनदा बजावलं होतं. इगतपुरीच्या अलीकडे, टेकडीमागच्या वाडीखाली हे तळं होतं. पावसाळ्याआधी नवनाथ इथे बरेचदा येत. पावसात ते थांबले होते, आणि आता भाताची कापणी उरकून पाणी निवळल्यावर पहिल्यांदाच आले होते, ते नातीला गळ टाकायला शिकवायला.

उंबराखालची त्यांची जुनी जागा तशीच होती. त्यांनी तिथं गोळे टाकले, गळाला कणकेचा मणी लावला आणि दोरी सोडली. दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर तरंगत उभी राहिली. काडी हलली की लगेच ओढायचं नाही, ती तिरकी होऊन चालू लागली की मनगटानं हलका हिसका द्यायचा, हे त्यांनी करून दाखवलं. वेदिका काडीकडे बघत बसली.

काडी हलली नाही. ऊन वर आलं तरी नाही. या तळ्यावर एरवी बगळे असत, खंड्या असे. आज काठ मोकळा होता. वेदिका मघाच्या गोळ्याकडे वाकून बघून आली.

“आबा, तो तसाच आहे. बारक्यांनीसुद्धा खाल्ला नाही.”

नवनाथ उठून गेले. उथळ पाण्यात पेंडीचा ढीग पडला होता, भोवती एकही मासा नव्हता. मेथीचा वास पाण्यात सुटल्यावर असं कधी झालेलं त्यांना आठवत नव्हतं.

वेदिकालाच ते दिसलं. पलीकडच्या अंगाला, जिथे बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे पाण्याबाहेर आले होते, तिथे बुडबुडे येत होते. सकाळीच त्यांनी तिला सांगितलं होतं, चिखलातला वायू सुटतो तेव्हा मोठा बुडबुडा एकाच जागी येतो, आणि मासे तळाशी चरत असले की बारीक बुडबुड्यांचा पुंजका येतो, तो जागा बदलतो.

“ते चालतायत,” ती म्हणाली. “सगळे तिथेच आहेत. तिथे आधीच कुणीतरी चारा टाकलाय.”

नवनाथांना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या डोक्यावर थाप मारली. सामान उचलून ते वळसा घालून पलीकडे गेले. तिथे एक सपाट खडक पाण्यात उतरला होता. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, मासा पळतो, असं ते सांगत असतानाच वेदिका खडकाच्या टोकाशी गेली आणि तिची सावली पाण्यावर पडली.

मासे पळाले नाहीत. बाभळींच्या बुंध्यांकडून पाणी फुगत आलं आणि खडकाशी येऊन थांबलं. पाठी दिसू लागल्या, करड्या, एकमेकींना घासणाऱ्या. मग तोंडं वर आली. ती उघडत होती, मिटत होती. आवाज कसलाच नव्हता.

“मागे ये,” नवनाथ म्हणाले.

“पण ते आलेत ना.”

तिनं गळ नुसता सोडला तोच मासा लागला. मृगळ होता, तळाशी चरणारा, या तळ्यात एवढा जाड कधी मिळाला नव्हता. तिचा पहिला मासा. नवनाथांनी तो ओल्या हातानं धरून गळ काढला तेव्हा त्याच्या तोंडातून काहीतरी त्यांच्या मनगटावर पडलं. शिजलेल्या भाताची शितं होती, हळदीनं पिवळी. अजून घट्ट होती, आजचीच. त्यांनी मासा बादलीत सोडला. लगेच दुसरा लागला, त्याच्याही तोंडात भात होता.

“गुरुजी, तिथं नका टाकू.”

मागे मालनबाई उभी होती, डोक्यावर सरपणाची मोळी. वाडीतलं पहिलंच घर तिचं. नवनाथ तिला ओळखत होते. जास्तीचा मासा मिळाला की ते तिच्या दारात देऊन जायचे. तिचा मुलगा मनोज कधी कधी त्यांना गांडुळं खणून द्यायचा आणि गुरुजींपेक्षा गांडूळ चपळ आहे म्हणून चिडवायचा. त्यांनी सहज विचारलं, मनोज कुठे आहे.

मालनबाईनं मोळी खाली टाकली. वाडीकडच्या वाटेकडे एकदा बघितलं. मग खडकावर बसली आणि बादलीतल्या माशांकडे बघत हळू आवाजात सांगू लागली. पावसाळ्यात तो जाळं सोडवायला म्हणून इकडे आला होता. ती शोधत आली तेव्हा त्याच्या चपला या खडकावर होत्या. एक सरळ, एक उलटी. तो वर आलाच नाही. खाली बाभळी आहेत, काटेरी, त्यांनी धरून ठेवला असणार. चपला तिनं पाण्यात टाकल्या आणि घरी जाऊन सांगितलं, मनोज नाशकाला कामाला गेला.

नवनाथांनी वेदिकाकडे पाहिलं. ती बादलीपाशी उकिडवी बसली होती, पाठमोरी. ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं.

“पोलिसांत नाही सांगितलं?”

“सांगितलं की चांगुणाला कळणार. सुनेला. तिचे आता दिवस भरत आलेत, गुरुजी. पहिल्या खेपेला बाप गेल्याचा निरोप आला आन् पोर पोटातच गेलं. ह्या वक्ताला मी काय सांगू तिला?”

तिनं सगळा बंदोबस्त केला होता. सुनेचा मोबाईल हंड्यात पडला, म्हणजे मालनबाईनंच पाडला. मनोजचा फोन येतो तो हिच्या फोनवर, आणि तेव्हा सून नेमकी विहिरीवर असते. सून रोज विचारते, काय म्हणाले, आणि ही रोज काहीतरी जुळवून सांगते. मनोजसाठी ती तळ्यावर फक्त अवसेला येते, भातात काळे तीळ घालून पाण्यात सोडते आणि परत जाते. रोज आली तर सुनेला संशय यायचा.

“आणखी एक करा,” ती म्हणाली. “चांगुणा भेटली वाटेत तर सांगा, मनोज पंचवटीत दिसला होता, भाजी मार्केटात. बरा हाय म्हणावं. तुम्ही मास्तर, तुमचं खरं मानंल ती.”

नवनाथांनी चष्मा काढून तो सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मालनबाई हात जोडून बसली नव्हती की रडत नव्हती. ती नुसती वाट बघत होती. शेवटी त्यांनी मान हलवली. तिनं मोळी उचलून घेतली, बादलीतले मासे सोडून द्या असं वेदिकाला सांगितलं आणि सडकेच्या बाजूनं निघून गेली.

वेदिकानं मासे सोडताना हट्ट केला नाही. ते दोघं उंबराखाली परत आले. डबा उघडला, पण तो तसाच राहिला.

“आबा,” ती म्हणाली, “अवस कधी असते?”

“होऊन गेली. आता पुनव आलीय जवळ.”

“मग आज भात कुणी टाकला?”

नवनाथ पोळीचा तुकडा हातात घेऊन तसेच थांबले.

“आणि त्यात तीळ नव्हते,” ती म्हणाली.

ते तिला सांगणार होते की एखाद्या दिवशी चारा टाकला म्हणून मासा जागा धरत नाही. रोज टाकावा लागतो, एकाच वेळी, एकाच हातानं, तेव्हा कुठे तो माणसाची सावली ओळखतो. पण हे तिला आता सांगायची गरज नव्हती. ती पलीकडे बघत होती.

बाभळीकडच्या वाटेनं एक बाई उतरत होती. पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर. ती खडकावर पोचायच्या आधीच पाणी फुगून तिच्याकडे सरकलं. तिला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. ती सावकाश टेकत खाली बसली, कपाळावरची टिकली काढून मनगटाच्या मागच्या बाजूला चिकटवली. मंगळसूत्र काढून मांडीवर ठेवलं. मग पदराखालून गाठोडं काढलं आणि भाताचा एक एक घास पाण्याखाली हात घालून सोडू लागली. फेकत नव्हती. कुणाला भरवावं तशी. तिचे ओठ हलत होते. माशांची तोंडं तिच्या बोटांना लागत होती आणि ती हात मागे घेत नव्हती.

भात संपला. तिनं मंगळसूत्र गळ्यात घातलं, मनगटावरची टिकली बोटावर घेतली आणि पाण्यावर वाकली. मासे अजून तिथेच घोटाळत होते, पाणी डुचमळत होतं. ती वाकून तशीच थांबली.

“ती काय करतेय?” वेदिकानं कुजबुजून विचारलं.

“पाणी थांबायची वाट बघतेय. तोंड दिसायला हवं ना.”

पाणी थांबायला फार वेळ लागला.

परतताना ती काठाकाठानं उंबराकडूनच आली. तिच्या सावलीबरोबर पाण्यावर एक सुरकुती सरकत होती, काठ वळला तिथे ती वळली. दोघांना बघून चांगुणा दचकली, पण गुरुजी आहेत हे ओळखून तिनं पदर सावरला. नवनाथांनी तोंड उघडलं. पंचवटी हा शब्द त्यांच्या ओठावर आलाही होता. पण तीच आधी बोलली. नाशिकहूनच आलात ना, असं विचारून तिनं वाटेकडे पाहिलं.

“आत्याबाई भेटल्या तर एक सांगाल, गुरुजी? त्यांचा मुलगा नाशकात दिसला म्हणून. बरा हाय म्हणून.”

नवनाथांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

“त्यांना खरं झेपायचं नाय,” ती म्हणाली. “बंद फोनवर बोलतात त्या. मी विचारते, काय म्हणले. मग कुठं दोन घास खातात. बाळ झाल्यावर बघू म्हटलं, काय करायचं ते. तंवर कुणी सांगू नये त्यांना.”

तिनं वेदिकाच्या गालाला हात लावला. हात गार होता आणि त्याला भाताचा वास होता. मग ती वाडीच्या चढाला लागली, मध्येच थांबून श्वास घेत. पाण्यावरची सुरकुती काठाशी थोडा वेळ राहिली आणि मग बाभळींकडे परत गेली.

नवनाथांनी दोरी गुंडाळली. परात धुतली. उरलेला चारा पाण्यात न टाकता त्यांनी तो कागदात बांधून घेतला. वेदिकाला पुढे घालून ते सडकेच्या वाटेला लागले.

मालनबाई सडकेवर त्यांच्या गाडीजवळ मोळी टेकवून बसली होती. ते दिसताच उभी राहिली. सून तळ्याकडून वर गेलेली तिनं लांबून पाहिली होती, नेहमीसारखी धुणं धुवायला आली असेल असं तिला वाटत होतं. भेटली का, सांगितलं का, असं तिनं विचारलं.

नवनाथ गाडीच्या दाराची किल्ली शोधत राहिले. खिशातली किल्ली हाताला लागत होती तरी शोधत राहिले.

“मनोजदादा दिसला होता,” वेदिका म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, फळ्यावरचं वाचून दाखवावं तसा. “पंचवटीत, भाजी मार्केटात. बरा आहे.”

मालनबाईनं तिच्याकडे पाहिलं. हे शब्द तिचेच होते, मघाशी खडकावर तिनंच जुळवलेले. तरी तिचे डोळे मोठे झाले आणि तिनं एक पाऊल पुढे येऊन पोरीचा दंड धरला.

“कधी?” तिनं विचारलं.