आखूड नांगीचा खेकडा

सोझोपोल गावाच्या बंदरावर स्तामातची छोटी कार्यशाळा होती. उन्हाळ्यात तो पाहुण्यांसमोर दोन पोलादी ठशांमध्ये चांदीची चकती धरायचा, वरून घण घालायचा, की गावाचं हजारो वर्षांपूर्वीचं नाणं तयार! एका बाजूला जीभ काढलेली राक्षसीण, दुसऱ्या बाजूला जहाजाचा नांगर आणि खेकडा. शेवटी कडेला तो बारीक अक्षरांत ‘नक्कल’ असा शिक्का ठोकायचा.

मार्चमध्ये बुर्गासहून एक व्यापारी आला. “उस्ताद, हा शिक्का म्हणजे गोऱ्या गालावरचा फोड हो! माझ्या चाळीस नाण्यांवर नको. हौशी लोक घेतात, फसतंय कोण?”

स्तुती स्तामातला चटकन चढायची. त्याने चाळीसही नाणी बिनशिक्क्याची दिली.

ऑगस्टमध्ये देस्पिनाबाई आल्या. शाळेत त्याला इतिहास शिकवलेल्या, आता निवृत्त. त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

“याला अक्रोडाच्या लाकडाची डबी करून दे. उद्या संग्रहालयाला देणार आहे. बुर्गासचा एक व्यापारी ते परदेशी विकणार होता रे, मी अडवलं!”

“बाई, एवढं महागाचं घेतलंत कसं?”

“आमच्या यांची होडी विकली. गावचं नाणं गावात राहायला नको?”

स्तामातने भिंग लावलं. खेकड्याची डावी नांगी आखूड होती! ठसा कोरताना त्याची छिन्नी नेमकी तिथेच निसटली होती आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक नाण्यावरचा खेकडा असाच थोटा निघत होता. उलट बाजूची राक्षसीण तर त्यालाच जीभ दाखवत होती.

गप्प बसलं, तर उद्या साऱ्या गावासमोर बाईंची मान खाली जाणार. बोललं, तर आपली.

“बाई, हे मी केलंय,” तो कसाबसा म्हणाला. “इथेच. मार्चमध्ये.”

बाई स्टुलावर टेकल्या. नाण्याची कड निरखत म्हणाल्या, “शिक्का का नाही मारलास?”

“नाण्याची शोभा जाते म्हणून...”

“कसली शोभा, मेल्या! नक्कल करण्यात काय वाईट आहे? पोरं हातात घेऊन इतिहास शिकतील. पण आपण नक्कल आहोत, हे तिनं सांगायला नको? तू एवढीशी अक्षरं गाळलीस आणि तेवढ्या जागेतून माझी होडी गेली!”

स्तामातच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी तो बाईंसोबत पोलीस ठाण्यात गेला आणि स्वतःच्या चुकीसकट सगळं लिहून दिलं. व्यापारी सापडला. पैसे परत मिळाले. होडी घेणारा कोळीही बाईंच्याच हाताखाली शिकलेला, त्याने आपले पैसे घेऊन ती हसत परत केली. स्तामातला दंड झाला, तो त्याने मुकाट भरला.

सप्टेंबरात शाळा उघडली, तेव्हा बाईंनी तेच नाणं शाळेला दिलं. स्तामातने मुलांसमोर त्यावर शिक्का ठोकला.

“यानं मला फजितीतून वाचवलं बरं का,” बाई मुलांना म्हणाल्या.

“नाही रे पोरांनो! संग्रहालयात जायच्या आधी बाई माझ्याकडे आल्या, म्हणून मला चूक सुधारता आली,” स्तामात म्हणाला. “ त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.”

वाचकहो, आपल्या हातून निघालेल्या वस्तूवर ती खरोखर काय आहे, ते लिहायला घणाचा एकच घाव पुरतो. तो चुकवू नका. चुकलाच, तर कबूल करायला लाजू नका. बाईंची होडी त्या कबुलीमुळेच आज पुन्हा पाण्यात आहे.