बिनभोकाचा पाइप

“आवो, भोक कुठाय ह्याला?”

केवळाबाईनं चहाची कपबशी ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याच्या पायाशी वाकून पाहिलं. बिरदेव भिंतीला टेकून बसला होता. बोरीच्या बुडातून कोरलेला पाइप त्यानं दोन्ही तळव्यांत घट्ट धरला होता आणि काचेच्या तुकड्यानं त्याची पाठ हळूहळू खरवडत होता. काम जवळजवळ झालं होतं. तंबाखू भरायची वाटी लिंबासारखी गोल आली होती. दांडी चरणाऱ्या मेंढीच्या मानेसारखी जराशी खाली वाकून पुन्हा वर उचललेली. सगळं होतं, फक्त दांडीतून वाटीपर्यंत जाणारं भोक नव्हतं.

“पाडीन की,” बिरदेव म्हणाला.

“पाडीन? रूप झाल्यावर?” केवळाबाई खालीच बसली. “लगीन झाल्यापून बगायले मी. आदी भोक, मग रूप. आपल्या पोराला, सोनूला तर तुमी हातावर चापट्या मारून शिकवलंय. आन आज सोताच उलटं करायलाव?”

बिरदेवनं चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत राहिला.

“कुणाचा हाय?”

“सोनपेठला द्यायचाय. मालकाला.”

“दिनकररावाला? आवो, त्यांचं तर घशाचं आप्रेशन झालंय म्हनं लातूरला!”

“म्हनून तर भोक न्हाई.”

केवळाबाईनं रिकामी बशी उचलली. मग म्हणाली, “तुमाला वाटतंय त्या मानसाला कळनार न्हाई?”

तिचं बरोबर होतं, हे बिरदेवला ठाऊक होतं. पण त्यानं राजेश्रीला शब्द दिला होता.

राजेश्री ही दिनकररावांची सून. आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. ती फोनवर रडली नाही, पण तिचा आवाज थकलेला होता. “बिरदेवकाका, डॉक्टरनं साफ सांगितलंय, तंबाखूचा धूर घशात गेला तर पुन्हा इलाज न्हाई. म्हणून ह्यांनी मामांचा पाइप चुलीत घातला. तवापासून मामा भिंतीकडं तोंड करून पडलेत. धड जेवंनात, बोलंनात. हात सारखा खिशाकडं जातोय. काका, एक दिसायला दिसंल असा पाइप करून द्या ना. तोंडात धरायला. लेकराला चोखणी देतो तसा.”

चुलीत घातलेला तो पाइप बिरदेवनंच केलेला होता. त्याच्या हातून सरळ उतरलेला पहिला पाइप.

तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता. कालव्याचं काम चालू होतं आणि कामावर एक साहेब यायचा. हॅट, खाकी चड्डी आणि दातांत पाइप. एक दिवस त्याच्या पाइपची दांडी तडकली आणि त्यानं तो मातीच्या ढिगावर भिरकावला. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या बिरदेवनं तो उचलला. दुसरं कोणी असतं तर तो दोऱ्यानं बांधून ओढला असता. बिरदेवनं मात्र कुऱ्हाडीनं त्याचे उभे दोन भाग केले आणि आत काय आहे ते पाहिलं. बाहेरून एवढा नखरेल दिसणारा पाइप, आत निव्वळ एक सरळ वाट होती. वाट दांडीतून निघत होती आणि वाटीच्या अगदी तळाशी पोचत होती. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

मग त्यानं लाकूड शोधलं. बाभूळ चिरते, लिंब कडू लागतो. जुन्या बोरीच्या बुडाशी, मातीत, एक गाठ असते. ती उकळून, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या ढिगात वर्षभर मुरवली की विस्तवालाही लवकर दाद देत नाही. ठोकळा चौकोनी असतानाच भोक पाडायचं गिरमिट चालवायचं, कारण चौकोनाला बाजू असतात आणि बाजूवरून सरळ काय ते कळतं. लाकडाच्या पोटात खडा असेल, चीर असेल, तर तेव्हाच समजते. एकदा गोलाई आली की डोळा फसतो. हे सगळं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कितीतरी ठोकळे चुलीत गेले तेव्हा ते हाताला कळलं होतं.

पहिला चांगला पाइप झाला तेव्हा त्यांच्या मेंढ्या दिनकररावांच्या रानात बसल्या होत्या. हरभरा निघाला की दरवर्षी राणीसावरगावहून कळप गोदावरीच्या अंगाला सरकायचा आणि खतासाठी रात्री एकेकाच्या वावरात मुक्काम पडायचा. दिनकरराव तेव्हा नुकतेच शेती बघायला लागलेले, फटकळ आणि हौशी. पोरगेल्या धनगरानं पुढं केलेला पाइप त्यांनी तोंडाला लावला, रिकामाच ओढून पाहिला आणि म्हणाले, “लेका, ह्यातून वारं कसं गारेगार येतंय रे!” त्यांनी तंबाखूची तारीफ कधीच केली नाही. करायची ती वाऱ्याची.

पुढं गावात कुजबुज झाली, की पाटलाच्या घरचा माणूस धनगराच्या पोराचा उष्टा पाइप ओढतो. दिनकररावांच्या वडिलांनीही बोलून पाहिलं. त्यावर दिनकरराव बांधावर बसून, सगळ्यांना दिसेल असे, तोच पाइप बिरदेवसोबत आलटून पालटून ओढत बसले. एक शब्द बोलले नाहीत. बोलणं संपलं.

अशा माणसाला आता चोखणी द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी बिरदेवनं पाइपला करडईचं तेल चोळलं, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. निघता निघता गिरमिटही पिशवीत टाकलं. कशाला, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. केवळाबाईनं पाहिलं आणि तिनंही विचारलं नाही. गंगाखेडला एसटी बदलून तो दुपारी सोनपेठला उतरला आणि तिथून जीपनं गावात गेला.

दिनकरराव ओसरीत बाजेवर होते. अंगात पैरण होती, पण आत माणूस अर्धाच राहिल्यासारखा. गळ्याला पांढरा रुमाल. बिरदेवला पाहून त्यांचे डोळे हलले.

“आलास?” आवाज फाटक्या पिशवीतून वारा जावा तसा. “मेंढ्या कुठंयत?”

“सोनूकडं हायत मालक. आता त्या थोड्याच राहिल्यात. मीच आलो.”

राजेश्री दारात उभी होती. तिचा नवरा परमेश्वर खुर्चीत बसून मोबाइल बघत असल्यासारखं करत होता. पाइप चुलीत घातल्यापासून बापाच्या नजरेला नजर द्यायची त्याला चोरी झाली होती.

बिरदेवनं फडकं सोडलं.

दिनकररावांनी पाइप दोन्ही हातांत घेतला. अंगठा वाटीवरून फिरवला, दांडीच्या वळणावर थांबवला. वास घेतला. मग तो दातांत धरला, जसा सगळं आयुष्य धरला होता, उजव्या कोपऱ्यात. आणि ओढला.

गाल आत गेले. तसेच राहिले. वारा आला नाही.

क्षणभर त्यांनी बिरदेवकडं पाहिलं. बिरदेवनं जमिनीकडं पाहिलं.

“झ्याक झालाय,” दिनकरराव म्हणाले. “राजेश्री, भूक लागली गं. बिरदेवाला पन वाढ.”

राजेश्रीचा चेहरा एवढा उजळला, की ताट पुढं आल्यावरही बिरदेवला तिच्याकडं पाहवेना. परमेश्वरनं कितीतरी दिवसांनी बापाच्या ताटात स्वतः दूध ओतलं. दिनकररावांनी भाकरी कुस्करून, हळूहळू, सगळी खाल्ली. पाइप ताटाशेजारी ठेवला होता. जेवण झाल्यावर त्यांनी तो पुन्हा तोंडात धरला, काठी घेतली आणि म्हणाले, “चल बिरदेवा, रानातून येऊ.”

“मामा, ऊन हाय,” राजेश्री म्हणाली.

“कलतंय आता. जवळच तर जायलोय.”

रान घरामागंच होतं. जिथं पूर्वी मेंढ्या बसायच्या तिथं आता ऊस उभा होता. फक्त बांध तोच होता. दिनकरराव धाप लागत बांधावर बसले. बिरदेव थोडा खाली बसला.

मग दिनकररावांनी पाइप तोंडातून काढून त्याच्यासमोर धरला.

“कुनी सांगितलं?”

बिरदेवनं बांधावरची गवताची काडी उपटली.

“राजेश्रीनं. व्हय ना? तिचा राग न्हाई मला. पोरगी रात रात जागलीय माझ्यापाशी. परमेश्वराचा पन न्हाई. त्यानं चुलीत घातला, भ्यालेला लेक काय करनार? घरच्यांनी मला लेकरू केलं, ते मी झालो बिरदेवा. पर तू?”

“मालक...”

“तू मला दगा दिलास, तोबी लाकडाचा.”

बिरदेवच्या मनात आलं, की यापेक्षा त्यांनी काठी मारली असती तर बरं झालं असतं. “मालक, भोक पाडलं आन तुमी वढलं तर? मग मी राजेश्रीला तोंड कसं दावू?”

“वढलं तर मरन.” दिनकररावांना बोलताना घसा दाबून धरावा लागत होता. “ते डाक्टरनं मला सांगितलंय. मला. तुला न्हाई. न वढायचं ते मी ठरवायचं का तू? तू आदीच बुच मारून ठेवलंस. मग मी काय सोडलं? माझ्या हातात सोडायला काय ठेवलंस?”

उसाच्या पानांतून वारा सळसळत गेला. बिरदेवनं पिशवीत हात घातला आणि गिरमिट काढलं.

ते पाहून दिनकरराव पहिल्यांदा हसले. “संगं आनलंस की रे, चोरा!”

“पर मालक, हे आता सरळ जाईल का न्हाई, सांगता येत न्हाई. रूप झालंय. धरायला बाजू न्हाई, बगायला रेघ न्हाई.”

“जाईल तसं जाऊ दे.”

बिरदेवनं डोक्याचा रुमाल सोडला, पाइप त्यात गुंडाळला आणि दोन्ही तळव्यांत आवळला. दांडीच्या टोकाला गिरमिट टेकवलं. त्यानं नेम धरला आणि मग फिरवायला सुरुवात केली. तांबूस भुसा बारीक धारेनं धोतरावर पडू लागला. दिनकरराव एक डोळा मिटून वाकले होते.

“डावीकडं जायलाय.”

“न्हाई जात.”

“जायलाय म्हनतो ना!”

“मालक, माझं काम मला करू द्या.”

वळणापर्यंत सगळं नीट झालं. बोटांशी लाकूड बोलत होतं तोवर बिरदेव मनातल्या मनात ती सरळ वाट पाहत होता, मातीच्या ढिगाशेजारी फोडून पाहिलेली. मग एकदम हात हलका झाला. त्यानं रुमाल सोडून पाहिलं. वळणाच्या पोटाशी, डाव्या अंगाला, गिरमिटाचं टोक बाहेर डोकावत होतं.

“म्हनलं होतं!” दिनकरराव विजयी झाल्यासारखे म्हणाले.

बिरदेव ते टोक बघत राहिला. एवढ्या आयुष्यात त्याच्या हातून तयार पाइप कधी फुटला नव्हता. कारण तयार पाइपला त्यानं कधी भोकच पाडलं नव्हतं. त्यानं गिरमिट थोडं मागं घेतलं, हात उचलून कल बदलला आणि उरलेली वाट पुढं नेली. वाटीच्या तळाशी भुसा दिसला. त्यानं फुंकलं. वारं गेलं, पण अर्धं कुशीच्या भोकातून निसटलं.

“मेन लावून बुजवून देतो. सोनूच्या हातानं दुसरा...”

“आन इकडं.”

दिनकररावांनी पाइप तोंडात धरला. ओढला. नुसती सूं झाली. मग त्यांनी तर्जनी कुशीवर ठेवली आणि पुन्हा ओढला. आता वारं आलं. कच्च्या बोरीच्या वासाचं, करडईच्या तेलाचं, गार. त्यांनी डोळे मिटले. बोट उचललं, वारं थांबलं. बोट ठेवलं, वारं आलं. लहान मूल नवी शिट्टी वाजवून बघतं तसं त्यांनी ते कितीतरी वेळा करून पाहिलं.

“बुजवायचं न्हाई,” ते म्हणाले. “हे माझ्या बोटाखाली ऱ्हाऊ दे.”

“राजेश्रीला काय सांगू?”

“काय सांगायचं ते मी सांगन. माझी सून हाय.”

बिरदेवनं धोतरावरचा भुसा झटकला. सवयीनं त्याचा हात खिशाकडं गेला. स्वतःचा काळा पडलेला पाइप त्यानं काढला, बटव्यातून चिमूट घेऊन वाटीत दाबली. काडीपेटी हातात घेतली. आणि थांबला. शेजारी दिनकरराव उसाकडं पाहत होते, त्याच्याकडं मुद्दाम पाहत नव्हते. बिरदेवनं पाइप तळहातावर उलटा ठोकला, तंबाखू पुन्हा बटव्यात सरकवली, आणि रिकामा पाइप दातांत धरला.

ऊन कललं. दोघं बांधावर बसून राहिले. कालव्याचा साहेब आठवला, कुत्र्यानं नेलेली भाकरी आठवली, एका गारपिटीत दोघांनी मिळून घोंगडीखाली दडवलेली कोकरं आठवली. दिनकररावांचा घसा दुखला की ते हातानंच सांगायचे, आणि बिरदेव ते शब्दांत म्हणून दाखवायचा. चुकलं की दिनकरराव मान हलवायचे.

दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल पांदीच्या वाटेनं आली. गावातला नागनाथ होता. त्यानं गाडी हळू केली, दोन्ही म्हाताऱ्यांकडं पाहिलं आणि हसला.

“काका, दोघांचेबी इझलेत की! काडीपेटी देऊ का?”

बिरदेव काही बोलणार, तोवर दिनकररावांनी हात वर केला. घसा दाबला आणि जेवढा निघेल तेवढा आवाज काढून म्हणाले,

“नको रे. चाललंय आमचं.”