कार्डावर लिहिलेली कंबर

देवेशचं लग्न झालं ते २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या पंचवीस माणसांत. त्याच्या पुढल्या वर्षी किशोरी गरोदर राहिली. देवेश आमचं शेंडेफळ. गोव्यात औषधांच्या कारखान्यात कामाला असतो आणि शनिवारी घरी येतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण किशोरीचं माहेर दोडामार्गाकडे आणि तिची आई लग्नाआधीच वारलेली. मीच म्हटलं, इथेच होऊ दे. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे.

सप्टेंबरात, गौरीगणपती होऊन गेल्यावर, तिला सातवा लागला आणि उजवा पाय दुखायला लागला. एक दिवस मी चुलीपाशी होते. ती न्हाणीतून आली, उंबऱ्याशी थांबली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"काय झाला गो?"

"आई, पाय टेकलो की कळ येता."

"खंय?"

तिने आधी पडवीकडे बघितलं. तिथे तिचे सासरे सुपारी कातरत बसले होते. मग अगदी हळू म्हणाली, "जांगेत."

पोट आणि मांडी जिथे जुळतात तिथे तिने हात ठेवला होता. मी लगेच तो खाली करायला लावला. आमच्या घरात हा शब्द बायका पुरुषांच्या देखत काढत नाहीत. माझ्या सासूने मला शिकवलं तेच मी तिला शिकवलं.

"उद्या डॉक्टराक जांग म्हणून सांगतलंस? पुरुष मानूस तो. कंबर म्हण. तो काय ता समाजता."

आमच्यात बाईला पोटाखालून गुडघ्यापर्यंत सगळी कंबरच असते.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात किशोरीने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पोट वाढलं की कंबर दुखतेच. त्यांनी पट्टा लिहून दिला, मलम दिलं आणि नर्सबाईंनी तिच्या कार्डावर लिहिलं, 'कंबरदुखी'. मी अक्षरं शिकले ती चौतिसाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. कागदावर उतरलेलं मला अजूनही बोललेल्यापेक्षा खरं वाटतं. घरी येऊन मी तो शब्द दोनदा वाचला आणि माझीच खात्री पटली की दुखणं कमरेत आहे.

पुढे मालवणात खाजगी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कार्ड वाचलं आणि कंबर तपासली. सोनोग्राफीला गेलो, तिथेही कार्ड वाचलं. 'दुखतं कुठे' हे किशोरीला परत कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी रोज सकाळी तिच्या कमरेला खोबरेल कोमट करून लावत होते आणि रोज संध्याकाळी तिला देवळापर्यंत चालवत होते. माझी चारही बाळंतपणं घरात झाली. चालती बाई लवकर सुटते हे मला ठाऊक होतं. ती ओठ दाबून चालायची. एकदा म्हणाली, "आई, आज नको." मी म्हटलं, "आळस करू नको."

आमच्या शेजारी माझी चुलत जाऊ राहायची, राधाबाई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचा डावा पाय दोन बोटं आखूड होता, त्यामुळे ती लंगडत चालायची. एका संध्याकाळी आम्ही देवळाकडून परत येताना ती आपल्या दारापुढच्या खळ्यात उभी राहून बघत होती. किशोरी घरात गेल्यावर तिने मला हाक मारली.

"सत्यवती, तुझी सून माझ्यासारखी चलता गो."

"पोटुशी बाई चलतली तशीच."

"नाय. पोटुशी बाई डुलता. ही पाय चुकवता. तिका दुखता खंय?"

"कमरेत."

"कमरेत काय जांगेत?"

मी वळून आमच्या पडवीकडे बघितलं.

"माझी पण कंबरच होती," ती म्हणाली. "चवऱ्याऐंशीत, शंकराच्या वेळेक. सासू म्हणाली कंबर, सुईण म्हणाली कंबर, मी पण कंबरच म्हटलंय. चार म्हयने सगळ्यांनी माका चलवल्यानी. बारशादिवशी कळशी उचललंय आणि जांगेतला हाड काडकन मोडला."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती पडली आणि मोडलं, एवढंच घरात सांगत असत. आधी दुखत होतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

"आधी मोडला, मगे पडलंय मी," राधाबाई म्हणाली. "तू तिका उद्या हाडांच्या डॉक्टराकडे ने. आणि चलवत नेव नको."

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कुडाळला गेलो. मी, किशोरी आणि तिचे सासरे. डॉक्टर कोल्हापूरकडचे होते, वयाने देवेशएवढेच. त्यांनी कार्ड बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"ताई, एका बोटाने दाखवा. पूर्ण हात नको, एकच बोट."

किशोरीने माझ्याकडे बघितलं. मग बोट ठेवलं, जिथे पहिल्या दिवशी हात ठेवला होता तिथेच. डॉक्टरांनी तिला निजवलं आणि गुडघ्यात दुमडून पाय हळूच आत वळवला. ती ओरडली.

"इथे तर कंबर लिहिलंय."

"ता माझा काम," मी म्हटलं. माझा नवरा समोर बसला होता. "तिने जांग सांगितली होती. मी बोलू दिलं नाही."

"किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"मालिश?"

"रोज. कमरेला."

"चालवत होता?"

"रोज. देवळापर्यंत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "आज्जी, खुब्याचा सांधा आतून दुखला की कळ जांघेत येते. कंबर म्हटलं की माणूस पाठीमागे बघतो. आता हिने त्या पायावर वजन टाकायचं नाही. इथून बाहेर जातानासुद्धा नाही."

तिला चाकाच्या खुर्चीवरून रिक्षापर्यंत आणलं. एमआरआय गोव्यात झाला. त्यात एक्सरेसारखी किरणं नसतात, बाळाला त्रास होत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. अर्धा तास ती त्या नळीत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, आत भाताच्या गिरणीसारखा आवाज होता.

फोटो घेऊन परत कुडाळला गेलो. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. डावा खुबा काळा दिसत होता आणि उजव्या खुब्याचा गोळा पांढुरका. ते म्हणाले की असे दिसणारे आजार दोन. एकात रक्त पोचत नाही, हाड मरतं आणि मग सांधा बदलायची पाळी येते. दुसऱ्यात हाडातला चुना काही महिने कमी होतो, आत सूज येते आणि मग ते आपलं आपण भरून येतं. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत क्वचित असं होतं. हिचं ते दुसरं आहे.

"म्हणजे बरं होणार?" मी विचारलं.

"होणार. सहा महिने, कदाचित जास्त. पण तोवर हे हाड तात्पुरतं विरळ आहे. त्याच्यावर भार पडला तर मोडेल. मोडलं तर ते तात्पुरतं राहणार नाही."

माझे यजमान कानाने कमी. आणि आमच्या बोलीत 'हाड' म्हणजे 'घेऊन ये' असंही होतं. ते खुर्चीवरून अर्धे उठले. "काय हाडू?"

"बाबानू, हाडूक काय नको," किशोरी म्हणाली. "माझ्या हाडाचा सांगतत ते."

"तुझा हाड? खंय गेला?"

"थंयच आसा. पातळ झाला."

"मगे हाडतलंय खंयसून?"

किशोरी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. डॉक्टरही हसले, त्यांना किती कळलं देव जाणे.

उपाय साधे होते आणि म्हणूनच कठीण. दोन कुबड्या. उजवा पाय टेकायचा नाही. मालिश बंद, देवळापर्यंतची फेरी बंद. उकिडवं बसायचं नाही, संडासात खुर्ची ठेवायची. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दुखलं तर एकच साधी गोळी. हाडं भरायची भारी औषधं पोटात मूल असताना देत नाहीत. घरी आल्यावर मी कार्ड काढलं आणि 'कंबरदुखी'वर रेघ मारली. सरकारी कार्डावर असं करायचं नसतं, पण मारली.

गरोदर सून कुबड्यांवर, म्हटल्यावर वाडीतल्या बायका यायला लागल्या. पहिली आली मथुरा, पलीकडच्या घरातली.

"सत्यवती, सुनेक कुबडे कित्याक गो?"

"जांगेतला हाड विरळ झाला."

"श्शी! हळू बोल. बाप्ये आसत पडयेत."

"असांदेत. तुझी सून पोटुशी झाली की तू पण मोठ्यान बोल."

ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि किशोरीला विचारून गेली, नक्की कुठे दुखतं.

ऑक्टोबरच्या शेवटी भात कापून खळ्यात वाळत घातलं होतं. मी शेतावर होते. किशोरी पडवीत खुर्चीवर, कुबड्या भिंतीला लावलेल्या. दुपारी अचानक आभाळ भरलं आणि थेंब पडायला लागले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली पोर. भात भिजताना दिसलं आणि ती कुबड्या न घेता उठली. दोन पावलं टाकली. ताडपत्री ओढायला वाकणार, तेवढ्यात राधाबाई आपल्या दारातून ओरडली.

"बस! थंयच बस! भिजांदे भात!"

किशोरी जिथे होती तिथे पायरीवर बसली. राधाबाई आपला आखूड पाय ओढत धावत आली. ताडपत्री तिच्याने ओढवेना. मी पोचले तेव्हा दोघी पायरीवर भिजत बसल्या होत्या आणि भातही भिजलं होतं. राधाबाईने किशोरीचा हात घट्ट धरून ठेवला होता, सोडत नव्हती.

"उचलूया तिका," मी म्हटलं.

"आधी इचार," राधाबाई म्हणाली. "इचार तिका, खंय दुखता."

मी विचारलं. किशोरीने बोट ठेवलं. दुखणं होतं तेवढंच होतं, वाढलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. हाड शाबूत होतं. त्या वर्षी भाताला मोड आले आणि अर्धं कोंबड्यांना गेलं.

डिसेंबरच्या सहा तारखेला मुलगी झाली. कळा देताना खुब्यावर ताण नको म्हणून दोन्ही डॉक्टरांनी बोलून सिझर केलं. मुलीचं नाव तेजस्वी. बारसं झालं तेव्हा किशोरी पाटावर बसली नाही, खुर्चीवर बसली. बाळाला मांडीवर द्यायला आणि घ्यायला मी उभी. फेब्रुवारीपर्यंत दुखणं निम्म्यावर आलं. मार्चमध्ये एक कुबडी सुटली. एप्रिलमध्ये परत एमआरआय झाला आणि दोन्ही खुबे सारखे काळे दिसले. डॉक्टरांनी दुसरी कुबडीही काढून घेतली आणि सांगितलं की पुढच्या खेपेला असं परत होऊ शकतं, तर पहिल्या दिवशी या.

त्या संध्याकाळी किशोरी खळं ओलांडून एकटी राधाबाईकडे गेली. मी पडवीतून बघत होते. ती डुलत नव्हती आणि पाय चुकवतही नव्हती. राधाबाईने तिला दारातच थांबवलं, परत मागे जायला लावलं आणि परत चालत यायला लावलं. मग म्हणाली, "बरा. आता ये, चाय पी."

तुमचाही पाय डॉक्टरांना दाखवू, असं किशोरी तिला वर्षभर म्हणत होती. राधाबाईने ऐकलं नाही. जुनं मोडलेलं आता कोण जोडणार, म्हणाली.

राधाबाई १४ ऑगस्ट २०२४ रोजी, बुधवारी सकाळी, हृदय बंद पडून घरीच वारली. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.