स्विचची दोरी

घुम्याच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी त्याचा उजवा हात गेला.

घुम्या हे काही त्याचं नाव नव्हतं, पण सगळा रस्ता त्याला घुम्याच म्हणायचा. सकाळी लाँड्रीचं शटर वर करताना कुणी विचारलं, "काय, बरं आहे ना?" तर तो मान हलवायचा. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्याच्या बायकोला मात्र अख्खा रस्ता वहिनी म्हणायचा. नवऱ्याच्या वाटणीचं सगळं बोलणं तिनंच अंगावर घेतलं होतं.

दोघांची लाँड्री म्हणजे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी. धुवायच्या, पिळायच्या, गरम रोलरमधून काढायच्या आणि घड्या घालायच्या. रोलर म्हणजे माणसाएवढ्या लांबीचा लोखंडी दंडगोल, आतून तापलेला, कायम फिरणारा. एका बाजूनं ओली चादर द्यायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर येते. मग घडी. मोठ्या चादरीची घडी एकट्याचं काम नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, एक हिसका देऊन ताणायची आणि चालत चालत एकमेकांजवळ यायचं. टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं.

वहिनीचा सगळा संसार त्या चालण्यात होता. घुम्या तोंडानं बोलायचा नाही, पण चादरीतून तिला सगळं कळायचं. हिसका जोरात आला म्हणजे स्वारीचं काहीतरी बिनसलंय. सैल आला म्हणजे झोप झालेली नाही. आणि टोकं हातात देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर जास्त थांबली, तर त्या दिवशी ती उगाचच गुणगुणत राहायची. दिवसभरात शेकडो चादरी व्हायच्या. इतक्या वेळा नवऱ्याचा हात हातात येणारी बाई त्या रस्त्यावर दुसरी नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो हात एका दाढेपायी गेला.

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दाताचा डॉक्टर बसायचा. त्याचा जिना शोधत एक बाई दुकानात शिरली. गाल टम्म सुजलेला, आणि गालावरून गळ्याभोवती लांबलचक लोकरीचा मफलर गुंडाळलेला. मशीनचा आवाज मोठा आणि सुजलेल्या तोंडातून तिचे शब्द धड फुटत नव्हते, म्हणून ती रोलरवरून वाकून घुम्याला जिना विचारायला लागली. मफलरचं टोक ओल्या चादरीबरोबर आत गेलं.

वहिनी तेव्हा मागच्या अंगणात होती. तिला आधी एक ओरडणं ऐकू आलं. हा आवाज कुणाचा, हेच तिला कळेना, कारण इतक्या वर्षांत तिनं तो कधी ऐकलाच नव्हता. तो घुम्याचा होता. ती धावत आत आली तेव्हा शेजारचा किल्लीवाला दारापाशी स्विच बंद करून भिंतीला टेकला होता. ती परकी बाई जमिनीवर बसून मफलर सोडवत होती. आणि घुम्याचा हात तिच्या तोंडासमोर, रोलरच्या फटीत होता. मशीन पुढे जाऊ नये म्हणून त्यानं तो पाचरीसारखा आत घातला होता. मशीन फिरवणारा पट्टा घसरला, मशीन अडकलं, बाई वाचली. हात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनगटापासून काढला.

रस्त्यानं घुम्याला डोक्यावर घेतलं. ओळख ना पाळख, अशा बाईसाठी माणूस हात देतो! येणारा-जाणारा दुकानात डोकावून त्याला बघायचा. घुम्या मान हलवायचा.

"वहिनी," किल्लीवाला म्हणाला, "नवरा म्हणावा तर असा."

"तुम्हीच घेऊन जा," वहिनी म्हणाली. "किल्ल्या घासायला एका हातानं चालतं का बघा."

तिच्या पोटात दुखत होतं ते हात गेल्याचं नव्हतं. म्हणजे तेही होतंच, पण ते सांगता येण्यासारखं होतं. जे सांगता येत नव्हतं ते असं, की हा माणूस माझ्यासाठी कधी टपकणारा नळ बंद करायला उठला नाही. माझे गुडघे वर्षभर ठणकतायत, कधी विचारलं नाही. आणि जिना विचारायला आलेल्या बाईसाठी हात! गिऱ्हाईक तरी असती! ज्या हाताची बोटं माझ्या बोटांवर थांबायची, तो हात तिनं नेला, आणि तिला त्याची किंमतही ठाऊक नाही.

बरं, ती बाई तरी एकदा हात जोडून निघून जावी की नाही? ती चपलांच्या दुकानात कामाला होती. सुट्टीच्या दिवशी न चुकता यायची, कधी संत्री घेऊन, कधी नुसतीच. दाढ काढल्यावर चेहरा बरा निघाला होता, वयही चाळिशीच्या आत. तिच्यामागे वहिनी तिला मफलरवाली म्हणायची आणि समोर काहीच म्हणायची नाही.

"दादा, कसं वाटतंय?" मफलरवाली विचारायची.

आणि घुम्या, जो बायकोशी मानेनं बोलायचा, तो चक्क तोंड उघडायचा. "बरं आहे. दाढ?"

"दाढ कुठे आता दादा, ती तर गेली!"

"मग शेजारची सांभाळ," घुम्या म्हणायचा, आणि दोघं हसायची.

वहिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका दमात चार शब्द! तिच्या वाट्याला एवढे शब्द आठवड्यात यायचे नाहीत.

एके दिवशी मफलरवालीनं बाह्या वर केल्या आणि चादरीची दोन टोकं उचलली. "वहिनी, दादांच्या जागी मी उभी राहते. तुम्ही एकट्या कशा घालणार घड्या?"

वहिनीनं टोकं तिच्या हातातून ओढून घेतली. "तेवढं सोडून काहीही कर. बटणं लाव. त्या टोपलीत दवाखान्याचे कोट आहेत."

मफलरवाली मुकाट्यानं बटणं लावत बसली. घड्या घुम्याच घालू लागला. एक टोक डाव्या हातात, दुसरं तुटक्या हाताच्या कोपराखाली दाबून. हिसका वाकडा यायचा आणि घडीही वाकडी पडायची. हॉटेलवाल्यांनी कुरकुर केली. वहिनीनं त्यांना सांगितलं, सरळ पाहिजे असेल तर कागद अंथरा. वाकडी तर वाकडी, पण घडी त्या दोघांचीच राहिली.

दवाखान्यातून आल्यावर घुम्यानं दुकानात आणखी काही उद्योग केले होते. ओल्या कपड्यांची मोठी टोपली वर्षानुवर्षं दाराजवळ असायची, ती त्यानं एका हातानं ढकलत पार मागे नेली. आणि दाराजवळच्या स्विचला एक जाड दोरी बांधून ती छतापासच्या कड्यांमधून दुकानभर फिरवली. ती दोरी वहिनीच्या डोक्याला लागायची. "हे काय लोंबतं ठेवलंय?" ती करवादली. घुम्यानं मान हलवली. तिनं मनाशी पक्कं केलं, की ही मफलरवालीची अक्कल. उद्या पुन्हा मफलर घालून यायची असेल.

असं आत आत जळण्यात अर्धं वर्ष गेलं. नाती रांगायला लागल्या. एका दुपारी मफलरवाली संत्री ठेवून, हसून, निघून गेली, आणि घुम्या दारापर्यंत तिला सोडायला गेला. दारापर्यंत! तो परत येऊन रोलरच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला. वहिनी अलीकडून ओली चादर देत होती. तिच्या एप्रनचा बंद सुटून लोंबत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात एक खुळं आलं. त्यात शहाणपण काही नव्हतं, पण त्या क्षणी तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं तो सुटलेला बंद रोलरच्या तोंडाशी टाकला, मान खाली घातली आणि किंचाळली, "अहो! अडकला!"

तिला वाटलं होतं, तो धावत येईल. डावा हात पुढे करेल. तिनं ठरवलं होतं, हात रोलरजवळ येण्याआधीच आपण तो धरायचा आणि म्हणायचं, बस, एवढंच बघायचं होतं.

घुम्या आला नाही. उभा होता तिथूनच त्यानं हात वर केला आणि दोरी ओढली. तिची किंचाळी संपायच्या आत मशीन थांबलं.

दुकानात एवढी शांतता झाली, की शेजारी किल्ली घासल्याचा आवाज आला. घुम्या स्टुलावर बसला. बसताना त्यानं भिंतीचा आधार घेतला. वहिनीला ते दिसलं नाही. तिला फक्त दोरी दिसत होती.

"वा!" ती म्हणाली. "तिच्यासाठी हात, आणि माझ्यासाठी दोरी! उभ्या जागेवरून! पाऊलसुद्धा उचललं नाही!"

घुम्यानं मान हलवली.

"बोला की! तिच्याशी बोलताना जीभ असते ना? सगळा रस्ता तुमची आरती ओवाळतोय. मला एकच सांगा. त्या दिवशी मी असते तर?"

घुम्यानं डाव्या हातानं तोंड पुसलं. मग तो बोलायला लागला. इतकं सलग तो आधी कधी बोलला नव्हता, नंतरही नाही.

"दवाखान्यात डोळे मिटले की रोलर दिसायचा. त्यात ती बाई नसायची. तू असायचीस. मी हात घालायचो. रोज उशीर व्हायचा. रोज. ती वाचली ते पट्टा घसरला म्हणून. नशीब. तुझं मला नशिबावर ठेवायचं नव्हतं. मग विचार केला, की तू इथं उभी असलीस तर स्विच किती लांब, तिथं असलीस तर किती लांब. मधे टोपली. म्हणून टोपली हलवली. धावायलाच लागू नये म्हणून दोरी बांधली. कुठेही उभा असलो तरी हाताला येईल अशी."

वहिनीनं छताकडे पाहिलं. दोरी खरंच कुठूनही हाताला आली असती. तिच्या डोक्याला लागायची ती म्हणूनच.

"आणि तिच्यासाठी?" तिनं विचारलं. आवाज खाली आला होता, पण प्रश्न सुटला नव्हता.

"तिच्यासाठी काही नाही. कोण आहे ते बघितलंच नाही. बाई आहे का बुवा आहे, तेही नाही. माणूस आत चाललाय एवढंच दिसलं." त्यानं तुटका हात मांडीवर घेतला. "बघायला वेळ मिळाला असता, तर हात नसता घातला."

"का?"

"चादरींच्या घड्या कुणाबरोबर घालणार, हे आठवलं असतं."

वहिनीला आधी बरं वाटलं. अर्ध्या वर्षात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. पण लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. म्हणजे त्याला आपली आठवण झाली असती, तर ती संत्री आणणारी बाई आज नसती. आपण सहा महिने देवाकडे मागत होतो ते हेच. त्याला आठवण व्हायला हवी होती, हेच. तिनं टोपलीतल्या कोटांकडे पाहिलं. सगळी बटणं सरळ, घट्ट लागलेली होती.

घुम्या उठला, रोलरजवळ आला आणि तिच्या एप्रनचा बंद हातात घेऊन पाहू लागला. बंद कोरडा होता, चुरगळलेला होता, आणि थंडगार होता. रोलरमधून गेलेलं कापड थंड आणि चुरगळलेलं कधीच नसतं, हे त्या दोघांना कुणी सांगायची गरज नव्हती.

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

"पुढच्या वेळी," घुम्या म्हणाला, "इस्त्री तरी करून आण."

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. किल्लीवाला काय झालं म्हणून डोकावला, तर तिनं त्याला हाकलून दिलं.

यानंतर वहिनीचं जळणं संपलं असं कुणाला वाटेल, तर तसं झालं नाही. मफलरवाली आली की तिच्या कपाळावर आठी यायचीच. फक्त आता ती "चहा घेणार का?" असं विचारायची, आठी न मोडता. आणि मफलर दिसला की स्वतः उठून तो तिच्या गळ्यातून काढून खुंटीला अडकवायची. चादरीची टोकं मात्र तिनं तिच्या हातात दिली नाहीत. घुम्या असेपर्यंत नाही.

घुम्या गेल्यावर काही दिवस लाँड्री बंद होती. मग चादरी साचल्या, हॉटेलवाले ओरडायला लागले. मफलरवाली कामाच्या दुकानातून सुट्टी काढून आली आणि न विचारता कोटांच्या टोपलीपाशी जाऊन बसली.

"ऊठ," वहिनी म्हणाली. "इकडे ये. धर."

मफलरवालीनं दोन टोकं धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"चादर पुन्हा धुवायला लावशील," वहिनी म्हणाली. "ओढ."

दोघींनी हिसका दिला आणि चालत जवळ आल्या. मफलरवालीला दोन हात होते. हिसका सरळ आला, घडीही सरळ पडली, कड कडेला लागून. हॉटेलवाल्यांना आवडली असती अशी. वहिनी त्या घडीकडे बघत राहिली. मग तिनं ती उलगडली, आपल्या बाजूचं एक टोक कोपराखाली दाबलं आणि म्हणाली, "पुन्हा."

जुळ्या नाती शाळेत जायला लागल्या, त्या वर्षी घुम्या गेला. थंडी नुकतीच सुरू झाली होती. एका बुधवारी सकाळी, चहा अर्धा टाकून.